पूर ओसरल्यानंतर घरातील ओल आणि किडींचा बंदोबस्त



कृष्णा, वारणा आणि पंचगंगेच्या काठावरील गावांना पूर नवीन नाही. परंतु २००५, २०१९ आणि २०२१ या तीन वर्षांतील महापुरांनी नेहमीच्या पुराची सारी मोजमापे मोडीत काढली. कोल्हापूरजवळ राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, तर सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची ४५ फूट मानली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये हे आकडे अनुक्रमे ५५ आणि ५७ फुटांच्या वर गेले. ज्या वाड्या-वस्त्यांच्या उंबऱ्याला कधी पाणी लागले नव्हते, त्यांच्या माळ्यापर्यंत पाणी चढले.

अशा वेळी शेतातील ऊस, सोयाबीन, भुईमूग यांचे काय करावे याविषयी मार्गदर्शन मिळते. परंतु घराविषयी, म्हणजे कोठीतील शाळू, माळ्यावरील बियाणे, भिंतीतील ओल, चुलीमागे शिरलेले उंदीर आणि सरपणात दडलेला साप यांविषयी फारसे सांगितले जात नाही. वास्तविक पाण्याने होणारे नुकसान दोन-चार दिवसांत दिसून येते. ओलीमुळे होणारे नुकसान मात्र पुढील दोन-तीन महिने चालू राहते. या लेखात घरातील किडी, उंदीर-घुशी व इतर उपद्रवी प्राण्यांचा बंदोबस्त कोणत्या क्रमाने करावा याची माहिती दिली आहे. त्यातील मुख्य सूत्र एकच आहे : ओल हटल्याशिवाय कीड हटत नाही, आणि औषध हे ओल काढण्याला पर्याय ठरू शकत नाही.

पुरानंतरच कीड का वाढते?

याची कारणे तीन आहेत. पहिले कारण निवाऱ्याचे. उंदीर, घुशी, साप, विंचू, गोम हे प्राणी बांधावर, बिळात, दगडांच्या खाली राहतात. बिळात पाणी शिरले की ते उंच व कोरड्या जागेकडे सरकतात. गावात अशी जागा म्हणजे आपली घरे, गोठे आणि कडब्याच्या गंजी. दुसरे कारण अन्नाचे. भिजलेले धान्य, सडलेला भाजीपाला, मेलेली जनावरे आणि साचलेला गाळ यांमुळे उंदीर, माश्या व झुरळे यांना भरपूर खाद्य मिळते. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे कारण हवेतील व वस्तूंमधील ओलाव्याचे. साठवणुकीतील बहुतेक किडींची वाढ २५ ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात आणि धान्यात पुरेसा ओलावा असताना झपाट्याने होते. पूर ओसरल्यानंतरच्या भाद्रपद-आश्विनात या दोन्ही गोष्टी घरात आयत्याच जुळून येतात.

या तिन्ही कारणांवर फवारणीचा पंप चालत नाही. निवारा बंद करणे, खाद्य तोडणे आणि ओल काढणे हीच खरी उपाययोजना होय.

घरात पाऊल टाकण्यापूर्वी

घर गाठण्याची घाई प्रत्येकालाच असते. तरीही पुढील काळजी घेतल्याशिवाय आत जाऊ नये.

१. विजेचा मुख्य खटका बंद असल्याची खात्री करावी. भिंती ओल्या असताना दिवे लावून पाहू नयेत. तारतंत्रीकडून तपासणी करून घ्यावी.

२. पहिल्यांदा दिवसाउजेडी, पायात गुडघ्यापर्यंतचे बूट घालून व हातात लांब काठी घेऊन जावे. दारे-खिडक्या उघडून थोडा वेळ बाहेर थांबावे. गुंडाळलेले अंथरूण, भांड्यांचे फडताळ, सरपण, गोवऱ्यांची रास, माळा आणि कौलांच्या खालची जागा काठीने हलवून पाहावी. हात घालून वस्तू ओढू नये.

३. साप दिसल्यास त्याला मारण्याच्या भानगडीत पडू नये. धामण आणि दिवड हे बिनविषारी साप आहेत. त्यातही धामण उंदरांवर जगते. नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे आपल्याकडील चार प्रमुख विषारी साप होत. ओळख पटत नसेल तर अंतर ठेवून वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे किंवा गावातील जाणत्या सर्पमित्रास बोलवावे.

४. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते. तिच्या दंशाची जागा दुखत नाही, सूजही फारशी येत नाही. त्यामुळे ‘काही चावले असेल’ म्हणून माणूस पुन्हा झोपतो आणि पहाटे पापण्या जड होणे, बोलता न येणे, श्वास लागणे अशी लक्षणे दिसू लागतात. म्हणून पुरानंतर निदान महिनाभर खाटेवर व मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपावे. दंश झाल्यास अवयव हलू न देता फळीचा आधार देऊन रुग्णास तडक सरकारी रुग्णालयात न्यावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक आहे. घट्ट आवळून बांधणे, ब्लेडने चिरणे, विष चोखणे आणि मांत्रिकाकडे जाणे यांत मोलाचा वेळ जातो. सर्पविषावर प्रतिविष लस हाच उपाय आहे.

५. विंचूदंशातही घरगुती उपायांवर विसंबू नये. महाडचे डॉ. हिम्मतराव बावसकर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध परिणामकारक असल्याचे दाखवून दिले आणि त्यामुळे अनेकांचे प्राण वाचले. मात्र हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावयाचे असते. घाम सुटणे, उलट्या, हातपाय गार पडणे ही लक्षणे दिसताच दवाखाना गाठावा.

६. घरात कीटकनाशके ठेवली असतील तर ती कोठे आहेत हे आधी आठवावे. विशेषतः धान्यात टाकण्याच्या ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या किंवा पुड्या भिजल्या असतील तर त्यांतून फॉस्फीन हा अत्यंत विषारी वायू बाहेर पडतो. अशा खोलीत कोणीही जाऊ नये. बाहेरून शक्य असेल तरच दारे उघडावीत, माणसे व जनावरे दूर न्यावीत आणि कृषी विभाग व अग्निशमन दलास कळवावे. त्यावर पाणी ओतू नये.

७. नुकसानीचे पंचनामे होण्यापूर्वी वस्तू टाकून द्यावी लागणार असेल तर तिची छायाचित्रे घ्यावीत. मृत जनावराच्या कानातील बिल्ला छायाचित्रात दिसेल असे पाहावे. पंचनाम्यासाठी सडणारे धान्य घरात धरून ठेवणे योग्य नाही.

गाळ आणि ओल काढण्याची पद्धत

गाळ ओला असतानाच फावड्याने ओढून काढावा व उरलेला पाण्याने धुऊन टाकावा. वाळल्यावर तो भेगांत घट्ट बसतो आणि त्याखाली ओल कोंडली जाते. हा गाळ भिंतीलगत किंवा परसात ढीग करून ठेवू नये, कारण उंदीर त्यातच बिळे करतात.

फरशी धुतल्यानंतर १० लिटर पाण्यात सुमारे १५० ग्रॅम ताजी ब्लिचिंग पावडर मिसळून ते पाणी फरशीवर व भिंतीच्या खालच्या भागावर फिरवावे. १० मिनिटांनी स्वच्छ पाण्याने धुवावे. ब्लिचिंग पावडरीत फिनाईल, ॲसिड किंवा युरिया कधीही मिसळू नये, त्यातून विषारी वायू तयार होतात. काम करताना हातमोजे घालावेत व दारे उघडी ठेवावीत.

यानंतरचा टप्पा संयमाचा आहे. घर लवकर पूर्ववत दिसावे म्हणून आपण जमीन लगेच शेणाने सारवतो, भिंतीला गिलावा करतो किंवा रंग लावतो. असे केल्याने आतील ओल बाहेर पडण्याची वाट बंद होते. पुढे पोपडे सुटतात, बुरशी धरते आणि त्या बुरशीवर जगणारे बारीक पांढुरके किडे भिंतीवर, कागदपत्रांत व पोत्यांवर दिसू लागतात. हे किडे दिसणे म्हणजे भिंत अजून ओली असल्याची खूण समजावी. म्हणून जमीन हाताला कोरडी व उबदार लागेपर्यंत सारवू नये. मातीच्या भिंतींना तर काही आठवडे लागतात. तोवर समोरासमोरची दारे-खिडक्या दिवसा उघड्या ठेवाव्यात, फडताळे व पेट्या भिंतीपासून एक हात दूर सरकवाव्यात आणि सामान विटांवर किंवा लाकडी फळ्यांवर ठेवावे. भिंत पूर्ण वाळल्यावर चुन्याचा हात द्यावा.

धान्य : ठेवावे काय, टाकावे काय?

अन्न टाकणे आपल्या जिवावर येते. वर्षभराचा शाळू, गहू, तांदूळ डोळ्यांदेखत उकिरड्यावर टाकणे सोपे नाही. तथापि पुरानंतर घरातील माणसांच्या आरोग्याला सर्वांत मोठा धोका याच ठिकाणी संभवतो. त्यासाठी धान्याचे तीन भाग करावेत.

पहिला भाग : पुराच्या पाण्याचा प्रत्यक्ष स्पर्श झालेले धान्य, पीठ, डाळी व मसाले. पुराच्या पाण्यात शौचालयाची घाण, मेलेली जनावरे, डिझेल, कीटकनाशके असे सर्व काही मिसळलेले असते. असे धान्य धुऊन, वाळवून खाण्यास वापरू नये. ओल्या धान्यावर काही दिवसांतच ॲस्परजिलस वर्गातील बुरशी वाढते आणि अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते. ते यकृतास घातक असून भाकरी भाजल्याने किंवा भात शिजवल्याने नाहीसे होत नाही. असे धान्य दुभत्या जनावरास घातल्यास विषाचा अंश दुधात उतरतो. कोंबड्यांना तर त्याची बाधा लवकर होते. म्हणून ‘माणसाला नको, निदान जनावराला घालू’ हा विचारही सोडून द्यावा. काळवंडलेल्या, कुबट वासाच्या वैरणीलाही हाच नियम लागू आहे. असे धान्य घरापासून दूर खड्ड्यात शेण व मातीच्या थरांत पुरून त्याचे खत करावे. उघड्यावर टाकल्यास तेच उंदरांचे खाद्य होते.

कोठीत किंवा बळदात खालचा थर भिजला असेल तर वरचे धान्य वेगळे काढावे. ओल वर चढते, म्हणून भिजलेल्या रेषेच्या वरचे आणखी वीतभर धान्यही पहिल्या भागातच धरावे.

दुसरा भाग : पाणी लागले नाही, परंतु दमट हवेमुळे सादळलेले धान्य. हे वाळवून वाचवता येते. ताडपत्री ओल्या जमिनीवर थेट न अंथरता खाली पोती किंवा फळ्या घालाव्यात. थर दोन बोटांपेक्षा जाड नसावा. तासातासाने धान्य हलवावे व ऊन कलण्यापूर्वी आत घ्यावे. ऊन नसेल तर वाऱ्याच्या खोलीत पंख्याखाली पसरावे. गरम धान्य लगेच कोठीत भरू नये, झाकणाखाली पाणी सुटते व वरचा थर बुरसतो. रात्रभर निवू द्यावे आणि सकाळी लवकर, हवा दमट असताना न भरता दिवस वर आल्यावर भरावे.

तिसरा भाग : घट्ट झाकणाच्या डब्यातील, पाणी न शिरलेले धान्य. डबा बाहेरून ब्लिचिंगच्या पाण्याने पुसून, धुऊन, कोरडा करून मगच उघडावा.

धान्य पुरेसे वाळले की नाही हे कसे ओळखावे? ज्वारी, गहू, तांदूळ यांत १२ टक्क्यांपेक्षा आणि कडधान्ये व सोयाबीनमध्ये १० टक्क्यांपेक्षा अधिक ओलावा नसावा. मोजण्याचे यंत्र नसल्यास मिठाची चाचणी करावी. कोरड्या काचेच्या बाटलीत तव्यावर भाजून कोरडे केलेले दोन-तीन चमचे बारीक मीठ घालावे. बाटलीचा तिसरा हिस्सा भरेल एवढे धान्य टाकून झाकण लावावे व काही मिनिटे चांगले हलवावे. नंतर १५ मिनिटे स्थिर ठेवावे. मीठ बाटलीच्या काचेला चिकटल्यास ओलावा १५ टक्क्यांहून अधिक आहे असे समजावे. मीठ चिकटले नाही तरी आणखी एक-दोन उन्हे द्यावीत, कारण १५ टक्के ही साठवणुकीची सुरक्षित मर्यादा नव्हे. दाताखाली दाणा चावल्यास ‘कट्’ असा आवाज होऊन तुटला पाहिजे, ही आपल्या घरातील वडीलधाऱ्यांची कसोटीही उपयोगी आहे.

येथे किडींचे गणित समजून घ्यावे. सोंडकिड्याची मादी दाण्याला बारीक छिद्र पाडून आत अंडे घालते व छिद्र बुजवते. अळी दाण्याच्या आतच वाढते. त्यामुळे बाहेरून दाणा अगदी स्वच्छ दिसतो. अनुकूल हवेत साधारण एक महिन्यात नवा किडा बाहेर पडतो आणि एक मादी आयुष्यात तीनशेपर्यंत अंडी घालू शकते. ऑगस्टमध्ये ‘चांगला आहे’ म्हणून ठेवलेला गहू दसऱ्याला पोकळ निघतो तो यामुळे. तूर, हरभरा, मूग यांवरील भुंगेऱ्याची अंडी मात्र दाण्यावर पांढऱ्या ठिपक्यांसारखी दिसतात, ती शोधावीत. वाचवलेले धान्य दर १५ दिवसांनी उघडून पाहावे. पीठ पडलेले किंवा हात घातल्यावर ऊब जाणवलेली दिसल्यास पुन्हा वाळवावे व चाळावे. ऑक्टोबरचे कडक ऊन पडू लागल्यावर सर्व धान्याला पुन्हा दोन-तीन उन्हे देणे अत्यंत लाभदायक ठरते.

जुनी पोती, तट्टे व कणग्या हे किडीचे वसतिस्थान असते. भिजलेली पोती शक्यतो जाळावीत. वापरायचीच असल्यास उकळत्या पाण्यात बुडवून कडक उन्हात वाळवावीत.

बियाण्याविषयी एक इशारा. औषध चोळलेले रंगीत बियाणे धुऊनही खाऊ नये व कोंबड्यांना घालू नये. घरचे सोयाबीन बियाणे सादळले असल्यास १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण पाहावी. ७० पेक्षा कमी दाणे उगवल्यास ते पेरणीसाठी धरू नये.

सांगलीजवळील हरिपूरची हळदीची पेवे प्रसिद्ध आहेत. ज्यांच्याकडे हळदीचे किंवा धान्याचे पेव असेल त्यांनी पाणी शिरलेल्या पेवात लगेच उतरू नये. आत सडणाऱ्या मालामुळे प्राणवायू संपतो व कार्बन डायऑक्साईड साचतो. तोंड उघडून पेव भरपूर वेळ मोकळे ठेवावे, आत वारा खेळवावा, कंदील सोडून पाहावा. कंदील विझल्यास उतरू नये. तो जळत राहिला तरीही एकट्याने उतरू नये, कमरेला दोर बांधून वर दोन माणसे उभी करावीत. आत कोणी बेशुद्ध पडल्यास त्याच्यामागे दुसऱ्याने उडी घेणे म्हणजे दोन जीव गमावणे होय.

उंदीर आणि घुशी

उंदरीण सुमारे तीन आठवड्यांत पिले देते आणि ती पिले साधारण तीन महिन्यांत स्वतः वीण्यास योग्य होतात. म्हणजे श्रावणात घरात शिरलेली एक जोडी दिवाळीपर्यंत मोठे कुटुंब करते. उंदीर खातो त्यापेक्षा अधिक धान्य मूत्र व लेंड्यांनी नासवतो.

उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस हा रोग पसरतो. जंतू चिखल-पाण्यातून पायाच्या भेगा व जखमांवाटे शरीरात जातात. साधारण एक ते दोन आठवड्यांनी ताप, डोकेदुखी, पोटऱ्या विलक्षण दुखणे, डोळे लाल होणे ही लक्षणे दिसतात, आणि दुर्लक्ष झाल्यास कावीळ होऊन मूत्रपिंडे निकामी होतात. गाळ काढताना बूट घालावेत, जखमा झाकाव्यात. ताप आल्यास डॉक्टरांना ‘मी पुराच्या पाण्यात काम केले आहे’ हे आवर्जून सांगावे. प्रतिबंधक गोळ्या आरोग्य कर्मचाऱ्यांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात.

बंदोबस्ताचा क्रम असा ठेवावा.

प्रथम खाद्य तोडावे. उष्टे, पीठ, धान्य, कोंबड्यांचे खाद्य रात्री उघडे ठेवू नये. खाद्य उपलब्ध असताना उंदीर आमिषाकडे फिरकत नाही.

दुसरे, वाटा बंद कराव्यात. करंगळी जाईल एवढ्या फटीतून लहान उंदीर सहज जातो. मोरीच्या तोंडाला बारीक जाळी, दाराच्या तळाला पत्र्याची पट्टी आणि भिंतीतील छिद्रांत काचेचे तुकडे व सिमेंट भरावे.

तिसरे, सापळे लावावेत. घरात सापळा हाच सर्वांत सुरक्षित उपाय आहे. तो भिंतीलगत लावावा, कारण उंदीर भिंतीच्या कडेने चालतो. पहिल्या दोन रात्री सापळा न ताणता आमिष ठेवल्यास उंदराची भीती मोडते.

चौथे, विषारी आमिष. घरात वापरावेच लागल्यास ०.००५ टक्के ब्रोमॅडिओलोनच्या वड्या मुले व जनावरे यांचा हात-तोंड पोहोचणार नाही अशा पेटीत ठेवाव्यात. ओलीने बुरसलेल्या वड्या उंदीर खात नाही, त्या बदलाव्यात. अपघाताने कोणी खाल्ल्यास वेष्टनासह रुग्णालयात न्यावे, त्यावर जीवनसत्त्व ‘के-१’ हा उतारा आहे. झिंक फॉस्फाईडवर मात्र उतारा नाही. ते पोटातील आम्लाशी संयोग पावून फॉस्फीन वायू निर्माण करते. म्हणून झिंक फॉस्फाईड राहत्या घरात वापरू नये.

पाचवे, मोहीम गावाने एकाच वेळी राबवावी. एका घरातून हाकललेला उंदीर शेजारच्या घरात जातो, यात कोणाचाच फायदा नाही.

येथे एक ऐतिहासिक अनुभव लक्षात ठेवण्यासारखा आहे. सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर अनेक घरे धान्यासह ओस पडली आणि उंदीर वाढले. ऑगस्ट-सप्टेंबर १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला येथे गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले. त्याच सप्टेंबरात तापी नदीच्या पुरानंतर सुरत शहरात प्लेगची साथ उद्भवली. प्लेग उंदराच्या अंगावरील पिसवांमार्फत माणसाला होतो. उंदीर मेला की पिसवा नवे शरीर शोधतात. म्हणून घरात कारण नसताना उंदीर मरून पडू लागल्यास त्यांना हात लावू नये, विष घालणे थांबवावे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रास कळवावे. अशा वेळी आधी पिसवांचा व नंतर उंदरांचा बंदोबस्त करावा लागतो.

माश्या, डास आणि मृत जनावरे

माशी व डास या दोघांचीही अंड्यापासून पूर्ण वाढ साधारण ७ ते १० दिवसांत होते. म्हणून पाणी ओसरल्यापासून पहिला आठवडा महत्त्वाचा. मेलेली जनावरे विहीर, ओढा व वस्तीपासून दूर, निदान ६ फूट खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावीत. उकिरडा घरापासून लांब न्यावा. टायर, फुटके रांजण, करवंट्या, ताडपत्रीच्या घड्या यांत साचलेले पाणी ओतून टाकावे. आठवड्यातून एक दिवस सर्व भांडी व टाक्या रिकाम्या करून, घासून कोरड्या कराव्यात. जे डबके बुजवता येत नाही त्यात गप्पी मासे सोडावेत.

वाळवी

वाळवी लगेच दिसत नाही, म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होते. भिजलेली चौकट, तुळई, कपाटाची पाठ यांकडे ती ओलाव्यामुळे आकर्षित होते. दोन-तीन महिन्यांनी भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या दिसू लागतात. तोपर्यंत दर महिन्याला चौकटींचे पाय व तुळईची टोके ठोकून पाहावीत. पोकळ आवाज आल्यास लाकूड बदलावे. सरपण व गोवऱ्या भिंतीला टेकवून ठेवू नयेत. पायाशी औषध मुरवण्याचे काम परवानाधारक व्यावसायिकाकडून, भिंत पूर्ण वाळल्यावर करून घ्यावे. चिखल झालेल्या जमिनीत औषध मुरत नाही, ते वाहून विहिरीत जाते.

शेतातील औषध घरात नको

पुरानंतर घाबरून शेतात फवारण्याची कीटकनाशके माळ्यावर, अंथरुणावर किंवा धान्यावर मारली जातात. हे अत्यंत धोक्याचे आहे. पिकासाठी शिफारस केलेले औषध बंद खोलीत, स्वयंपाकघरात वापरण्यासाठी नसते. डायक्लोरव्हॉससारख्या पूर्वी वापरात असलेल्या काही औषधांवर आता देशात बंदी आहे, त्यामुळे जुन्या पुस्तिकेतील शिफारशी तशाच वापरू नयेत.

ॲल्युमिनियम फॉस्फाईडविषयी पुन्हा सांगणे आवश्यक आहे. त्याचा वापर सरकारी यंत्रणा व परवानाधारक कीडनियंत्रक यांनी तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच करावा असा नियम आहे. ज्या घरात माणसे झोपतात तेथे गोळ्या टाकलेली पोती ठेवल्यास दमट हवेत वायू वेगाने सुटतो, दाराच्या फटीतून शेजारच्या खोलीत जातो आणि झोपेतच प्राण जाऊ शकतो. दोन-चार पोत्यांपायी घरातील लेकराचा जीव धोक्यात घालू नये. त्याऐवजी धान्य नीट वाळवून हवाबंद पत्र्याच्या कोठीत किंवा हवाबंद साठवणुकीच्या पिशवीत काठोकाठ भरावे. आतील प्राणवायू संपला की किडी आपोआप मरतात. मात्र ओले धान्य हवाबंद केल्यास ते सडते, हे विसरू नये. पुन्हा मुद्दा तोच, आधी ओल.

कामाचा क्रम

पहिले दोन दिवस : वीज, साप, भिजलेली औषधे यांची तपासणी. गाळ काढणे. मृत जनावरे पुरणे.

पहिला आठवडा : धान्याचे तीन भाग करणे, भिजलेले पुरणे, सादळलेले वाळवणे. साचलेले पाणी काढणे. सापळे लावणे.

दुसरा ते चौथा आठवडा : भिंती व जमीन वाळू देणे. बिळे व फटी बुजवणे. गावपातळीवर उंदीर मोहीम. ताप आलेल्या प्रत्येकाची तपासणी.

दुसरा व तिसरा महिना : दर १५ दिवसांनी धान्याची पाहणी, ऑक्टोबरच्या उन्हात पुन्हा वाळवण, वाळवीची तपासणी, त्यानंतरच गिलावा व रंग.

बंधू-भगिनींनो, पूर अडवणे आपल्या एकट्याच्या हाती नाही. परंतु तो ओसरल्यानंतर घरात काय ठेवायचे आणि काय बाहेर काढायचे हे पूर्णपणे आपल्या हाती आहे. नदीकाठच्या गावांनी पावसाळ्याच्या तोंडावरच धान्याची कोठी उंच ओट्यावर घ्यावी, बियाणे व औषधे वेगवेगळ्या घट्ट झाकणाच्या डब्यांत, औषधे कुलपात व पाणी पोहोचणार नाही अशा उंचीवर ठेवावीत, दोन सापळे आणि एक जाड ताडपत्री जवळ बाळगावी. एवढी तयारी असल्यास पूर ओसरल्यावरच्या पहिल्या आठवड्यातील निम्मे काम आधीच झालेले असेल.